राखणबाबाची बदली

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन केला, "मुकादम, नोकरीतलं काहीतरी लिहून द्या, पण शुद्ध भाषेत." मी म्हटलं, साहेब, जन्मभर मी रस्त्यावरचे खड्डे बुजवले आणि पुढच्या पावसात ते पुन्हा उघडले. भाषेचंही तसंच होईल. वर शुद्धचा थर देतो, मधेमधे आमची झाडीबोली उघडी पडली तर तेवढ्यापुरती गाडी हळू घ्या.

मी रस्त्याच्या खात्यात गँगचा मुकादम होतो. गँग म्हणजे भलतंसलतं काही नाही. सहा माणसं, चार घमेली, फावडी, एक लोखंडी सब्बल आणि सायकलच्या कॅरिअरला बांधलेले जेवणाचे डबे. तुमसरहून नाकाडोंगरीकडे जाताना आत जे लहान रस्ते फुटतात, ते आमच्याकडे होते. एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला मँगनीजच्या खाणी, आणि मधे सगळा धान, म्हणजे तुमचा भात. खड्डे भरणं, गवत कापणं, नाली मोकळी करणं, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना मारणं ही आमची कामं. साहेब लोक गाडीतून रस्ता पाहायचे, मी पायी पाहायचो. त्यामुळे त्यांना रस्ता दिसायचा आणि मला रस्त्याच्या बाजूला पडलेली माणसं दिसायची.

शहरातल्या लोकांना हे पटत नाही, पण आमच्या रस्त्यांवर बहुतेक वेळा कोणी कोणाला ठोकत नाही. ठोकायला दुसरी गाडी पाहिजे, आणि ती अर्धा अर्धा तास येत नाही. माणूस एकटाच येतो, एकटाच रस्ता सोडतो आणि एकटाच खाली जातो. कसं झालं विचारलं की उत्तर ठरलेलं, "कुत्रं आडवं आलं जी." अख्ख्या नोकरीत मला ते कुत्रं एकदाही सापडलं नाही. त्याच्या जागी कधी मोबाइल सापडायचा, कधी लग्नातलं भरपेट जेवण, कधी मोहाची बाटली.

माणूस रस्ता का सोडतो हे कळायला अक्कल लागत नाही. पण रस्ता सोडल्यावर तो किती मोडतो, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. एक जावईबुवा भाताच्या लावणीत, आमच्या रोवण्याच्या दिवसांत, सासुरवाडीला चालले होते. नवी मोटरसायकल, काळा चष्मा, आणि सासूला लवकर तोंड दाखवायची घाई. रस्त्याच्या मोडावरून, म्हणजे वळणावरून, थेट बांधीत गेले. बांधी म्हणजे आमच्याकडे मातीच्या धुऱ्यांनी बांधलेलं धानाचं वावर. गुडघाभर चिखल होता. उठून उभे राहिले तेव्हा चिखलणीच्या रेड्यात आणि त्यांच्यात फक्त शिंगांचा फरक होता. पहिला प्रश्न त्यांनी चष्म्याचा विचारला. त्याच हंगामात एक किराणा दुकानदार, म्हाताऱ्या बैलाच्या चालीनं स्कूटर चालवणारा माणूस, रस्त्याखाली उतरला आणि झाडाला लागला. झाडाला गेरू-चुना मीच मारला होता. जबडा गेला, खांदा गेला. हेल्मेट त्यानं कोपराला अडकवलं होतं, त्यामुळे कोपर तेवढं शाबूत राहिलं.

वेगाचं महत्त्व आहेच, नाही कोण म्हणतो. पण खाली उतरलेल्या माणसाला पुढं काय भेटते, त्यावर अर्धं आयुष्य असते. चिखल भेटला तर कपडे धुवावे लागतात. झाड, मोरीचा कठडा, धोंडा भेटला तर दवाखाना. आणि एक गोष्ट साइडपट्टीची. डांबरावर डांबर चढत जाते आणि बाजूची मुरमाची पट्टी खालीच राहते, मग तिथं वीतभराची पायरी तयार होते. चाक त्या पायरीवरून घसरलं की माणूस घाबरून हँडल आत ओढतो आणि तिथंच उलटतो. घसरलं तर घसरू द्यावं, गाडी हळू होऊ द्यावी, मग सावकाश वर यावं. हे मी कितीतरी लोकांना समजावून सांगितलं, पण ते सगळे मला पडल्यानंतरच भेटले.

आता मोडाकडे येतो. गावाचं नाव सांगत नाही, गाववाले मला ओळखतात. गावाच्या अलीकडं रस्ता एकदम डावीकडे वळते, आणि न वळणारी गाडी सरळ फागोजीच्या बांधीत उतरते. फागोजी हे नावही मी बदललं आहे, कारण तो अजून धडधाकट आहे आणि त्याच्या हातात काठी असते. दर पावसाळ्यात त्याच्या रोवण्यात चार-दोन गाड्या जायच्या. तो शिव्या देत रेडे जुंपायचा, दोर बांधायचा, गाडी ओढून काढायचा. त्याची बायको पडलेल्याला पाणी द्यायची आणि "घरी कोणी वाट पाहते का नाई तुमची?" असं विचारून वर भाषणही द्यायची. माणूस चिखल निथळत, मान खाली घालून, पण आपल्या पायांनी घरी जायचा.

फागोजीचं दुःख वेगळं होतं. "मुकादम, माह्या रोवण्याचं काय? तुमचा रस्ता माह्या बांधीत काहून येते?"

"तुझीच बांधी रस्त्यात येते," मी म्हणायचो. ते खोटं नव्हतं. फागोजी दरवर्षी धुरा नीट करायच्या नावाखाली साइडपट्टी वीतभर खरडायचा. माझ्या डोळ्यांदेखत सरकारी रस्ता त्याच्या धानात चालला होता.

एका वर्षी मोठ्या साहेबांचा दौरा लागला. दौरा म्हटलं की आमच्या अंगात यायचं. फागोजी तक्रार घेऊन साहेबांच्या गाडीसमोर उभा राहील, ही मला धास्ती होती. म्हणून मी डोकं चालवलं. खाणीकडून येणाऱ्या ट्रकवाल्याला हातापाया पडून मँगनीजचे अकरा धोंडे आणवले. काळे, ओबडधोबड, कमरेइतके उंच आणि वजनाला असे की सहा माणसांनी सब्बल लावली तरी जागचे हलेनात. मोडाच्या कडेला ओळीनं गाडले, दोन-दोन हात चुना दिला. लांबून मोठी झकास रांग दिसायची. साहेब गाडीतून उतरले, म्हणाले, "वा मुकादम, सुरक्षेचं काम छान केलं." फोटो निघाला. तो फोटो मी घरी फ्रेम करून लावला. फागोजीनं मला त्या वर्षीचे नवे तांदूळ आणून दिले, आणि मी ते आवडीनं खाल्ले.

पहिल्यांदा टोकलं ते रमेशनं. रमेश आमच्या भागात रुग्णवाहिका चालवायचा, तोंडानं जरा फाटका. एकदा चहाच्या टपरीवर म्हणाला, "मुकादम, आधी तुमच्या मोडावरचा पेशंट नेला का गाडी चिखलानं भरे, पाण्यानं धुतली का झालं. आता हाडं गोळा करा लागतात. तुमी नेमकं कायची सुरक्षा करून राहिले? धानाची का माणसाची?"

मी म्हटलं, "तू तुझं स्टेअरिंग सांभाळ." अशा वेळी मुकादमाला अक्कल शिकवलेली चालत नाही, आणि घरी भिंतीवर साहेबांबरोबरचा फोटो होता.

वैशाली मॅडम त्या गावच्या शाळेत शिकवायच्या. तुमसरला घर, रोज स्कूटीनं येणंजाणं. हेल्मेट घालून, पट्टा लावून, तीसच्या वर काटा न नेणारी बाई. मला पाहिलं की "काका, तो खड्डा अजून तिथंच आहे" एवढंच बोलायच्या, जणू मी गृहपाठ केला नाही. भादव्यातली सकाळ होती, आम्ही जवळच गवत कापत होतो. मोडावर समोरून गाय आली, गाय मी स्वतः पाहिली. मॅडमनी गाडी कडेला घेतली, चाक साइडपट्टीवरून खाली घसरलं, आणि स्कूटी हळूच, अगदी हळूच, तिसऱ्या धोंड्यावर गेली. पाय गाडी आणि धोंड्याच्या मधे सापडला. तो आवाज मला अजून लिहावासा वाटत नाही. हेल्मेटला पोचा पडला, डोकं वाचलं. धोंड्याच्या पलीकडे तीन हातांवर फागोजीचा धान उभा होता, आणि खाली लोण्यासारखा चिखल.

लोक धावले आणि दोघांनी हात, दोघांनी पाय धरले. मी ओरडलो, "हात नका लावू, खाट आणा." खाट आली, रमेश आला. मॅडम शुद्धीवर होत्या. "काका, पिशवीत चौथीचे पेपर आहेत, ओले नका होऊ देऊ," म्हणाल्या. पेपर मी छातीशी धरले. धोंड्यावरच्या माझ्या चुन्यावर स्कूटीचा निळा रंग लागला होता आणि रक्त होतं.

पाय राहिला, पण सळई टाकावी लागली आणि गुडघा कायमचा आखडला. मी घरी येऊन तो फोटो भिंतीवरून काढला. बायकोनं विचारलं, "काहून काढला?" मी म्हटलं, वाळवी लागली.

पुढं जे झालं ते फक्त आमच्याच भागात होऊ शकते. आठ दिवसांनी गेलो तर तिसऱ्या धोंड्याला शेंदूर. पंधरा दिवसांनी नारळ, महिनाभरात झेंडा आणि घंटा. गावात एकच बोलणं, "धोंड्यानं मॅडमले अडवलं म्हून वाचल्या, नाईतर खाली गेल्या असत्या." खाली म्हणजे कुठं, तर चिखलात. हे कोणाच्या डोक्यात येईना. धोंड्याचं नाव पडलं राखणबाबा. फागोजी रोज सकाळी फूल वाहू लागला, कारण बाबा त्याचा रोवणाही राखत होते.

येणारे-जाणारे मोडावर हात जोडू लागले. आता मोटरसायकलवर हात जोडायचे म्हणजे हँडल सोडायचं. एका भक्तानं दोन्ही हात जोडले, डोळेही मिटले, आणि सरळ बाबांच्या पायाशी गेला. गळ्याचं हाड मोडलं. लोक म्हणाले, बाबानं पुन्हा वाचवलं. त्या माणसानं बरा झाल्यावर मोठी घंटा आणून टांगली.

मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "मुकादम, धोंडा असता तर उद्या उचलला असता. देवाचं काम माझ्या टेबलवर नाही." फागोजीला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "बाबाले हलवायचं नाव काढलं तर पाहून घ्या." मी घरी हात डोक्याला लावून बसलो. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "देव तुमीच बसवला ना? मग उठवायले दुसऱ्याले काहून सांगून राहिले?"

तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. पण फोटोला वाळवी लागली नव्हती, हे तिला त्याच दिवशी कळलं असणार.

उन्हाळ्यात मी तुमसरला मॅडमच्या घरी गेलो. त्या काठी घेऊन चालत होत्या. चहा आला. समोर देव्हारा होता, आणि देव्हाऱ्यात गणपतीच्या बाजूला माझ्या धोंड्याचा फोटो. त्यांच्या आईनं मला राखणबाबाचा अंगारा लावला. कपाळावर अंगारा घेऊन मी म्हटलं, "मॅडम, तो धोंडा देवानं नाही ठेवला. मी ठेवला. साहेबांचा दौरा होता आणि फागोजीचं तोंड बंद करायचं होतं, म्हणून ठेवला. चुनाही मीच मारला. तो नसता तर तुमी चिखलात पडल्या असत्या आणि शाळेत दहा मिनिटं उशिरा गेल्या असत्या."

त्यांनी देव्हाऱ्यातल्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हे इतके दिवस काहून नाही सांगितलं, काका?"

"लाज वाटली."

"आता नाही वाटत?"

"आता जास्त वाटून राहिली."

त्यांनी काठी बाजूला ठेवली. "सगळे म्हणतात बाबानं वाचवलं. मी पण हो म्हणते. पण रोज मनात येते, वाचवायचं होतं तर पाय कायले घेतला? माझंच काही चुकलं असेल, कोणाचं वाईट केलं असेल, हेच शोधत बसते मी." मग त्यांनी डोळे पुसले आणि थोड्या हसल्या. "तुमच्यामुळं झालं हे ऐकून मले बरं वाटलं, असं म्हटलं तर तुम्हाले राग येईल का?"

मला राग कुठून येणार. मी त्यांच्या घरात, त्यांच्या आईसमोर, लहान पोरासारखा रडलो. नोकरीत साहेबांनी कितीदा झापलं असेल, तेव्हा कधी रडलो नव्हतो.

"तो धोंडा उठला पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "तुमचं कोणी ऐकणार नाही. रोवणा लागू द्या. मग मी येते."

आषाढात फागोजीची बांधी चिखलून तयार झाली. मॅडमनी गावाला निरोप पाठवला की बाबांना नैवेद्य आहे. वाचलेली बाई स्वतः येते म्हटल्यावर सगळं गाव जमलं. मॅडमनी नैवेद्य ठेवला, नारळ फोडला, नमस्कार केला. मग काठी माझ्या हातात दिली, धोंड्यांच्या पलीकडे कडेवर जाऊन उभ्या राहिल्या, आणि कोणाला काही कळायच्या आत स्वतःला पाठीमागं झोकून दिलं. इस्त्रीच्या साडीसकट सपशेल चिखलात. सळई टाकलेल्या पायाची बाई, डॉक्टरला विचारून तरी आली होती की नाही कोणास ठाऊक.

चिखलात पडल्या पडल्या त्यांनी आवाज दिला, "फागोजी, मले काय झालं?"

फागोजी घाबरून म्हणाला, "लुगडं खराब झालं जी."

"अजून?"

"अजून काई नाई."

"मग बाबानं मले कायपासून वाचवलं होतं?"

शाळेतल्या पोरी तोंडावर हात ठेवून मॅडमकडे पाहत होत्या. मला वाटलं आता आपण पुढं व्हावं, आणि मी झालो. सगळ्या गावासमोर सांगितलं, हे धोंडे मी आणले, कशासाठी आणले, आणि मॅडमचा पाय माझ्यामुळं गेला. लोक मला चार शब्द बोलले, ते मी ऐकून घेतले.

फागोजी बांधीत उतरला. मॅडमना हात देऊन उठवताना त्याची नजर त्यांच्या आखडलेल्या पायावर गेली. तो म्हणाला, "बाबाले तलावाच्या पाळीवर बसवू. तिथं सावली आहे, इथं उन्हात कायले ठेवा?"

त्याची बायको म्हणाली, "आणि रोवणा?"

"रोवणा पुन्हा लावता येते," फागोजी म्हणाला, आणि रेडे आणायला गेला.

मी सरकारी नोकरीत होतो, मनासारखी बदली मला एकदाही मिळाली नाही. राखणबाबाची बदली एका दिवसात झाली, तीही वाजतगाजत. फागोजीचे रेडे, माझी गँग आणि गावातली डफ वाजवणारी मंडळी, सगळ्यांनी मिळून बाबांना तलावाच्या पाळीवर नेलं. बाकीचे दहा धोंडे घाटावर टाकले, आता बाया त्यांच्यावर कपडे धुतात. मोडावर आम्ही मुरूम टाकून साइडपट्टी डांबराच्या बरोबरीत आणली. फागोजीनं खरडलेली जमीन स्वतःहून सोडली, अर्थात वीतभर कमीच सोडली. कडेला बाणाच्या पाट्या लावल्या, पण बारक्या पाइपांवर, म्हणजे कोणी लागला तर पाट्याच आडव्या व्हाव्यात.

मी रिटायर झालो. मागच्या रोवण्यात फागोजीकडे गेलो होतो. मोडाजवळ गप्पा मारत उभे होतो, तेवढ्यात एक नवरा-बायको मोटरसायकलवर आले. जोरात आले. बाणाच्या दोन पाट्या आडव्या करून सरळ बांधीत गेले. आम्ही पोचेपर्यंत दोघं उठून उभे होते, केसांपासून टाचांपर्यंत चिखल. बायको नवऱ्याला बोलत होती, आणि नवऱ्याला ते कोणावर तरी काढायचं होतं. माझ्याकडे पाहून म्हणाला, "कुत्रं आडवं आलं ना. आणि रस्त्यावाले झोपले का इथले? एवढा मोड आहे, चार धोंडे गाडता येत नाहीत का त्यांना? कोण बिनडोक मुकादम आहे इथं?"

फागोजी दोर उलगडता उलगडता थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला.

शाळा सुटली होती. वैशाली मॅडमची गाडी आली, मागं दोन जास्तीची चाकं लावलेली, बाजूला काठी बांधलेली. त्यांनी गाडी थांबवली, बांधीतल्या दोघांना नीट निरखलं. तो माणूस दोन्ही हात हवेत फिरवून मला शिव्या देत होता आणि चिखलात पाय आपटत होता.

"दोन्ही पाय चांगले आपटून राहिला," मॅडम म्हणाल्या आणि निघून गेल्या.

ती काठी वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत मी पाहत राहिलो. मग त्या माणसाला म्हटलं, "बोला जी, अजून बोला. मीच तो मुकादम."